पेटी शाबूत, आवाज बंद

१ मार्च १९४० रोजी हिंदुस्थानातील रेडिओ केंद्रांवरून पेटीचा सूर नाहीसा झाला. पेट्या मोडल्या नव्हत्या, भाते फाटले नव्हते, पितळी पट्ट्यांना गंज चढला नव्हता आणि वाजविणाऱ्यांची बोटेही पूर्वीसारखीच चालत होती. बदलली होती ती केवळ वरची व्यवस्था. ऑल इंडिया रेडिओचे नियंत्रक लायनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत निघालेल्या एका हुकुमाने हार्मोनियम हे वाद्य ध्वनिक्षेपणास अपात्र ठरले. ज्या वाद्याशिवाय महाराष्ट्रात नाटक रंगत नव्हते आणि कीर्तनाला उठाव येत नव्हता, ते वाद्य रेडिओच्या पायरीवर थांबले.

हुकुमामागे विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. पेटीचे बारा स्वर कारखान्यातच कायमचे बसविलेले असतात. पाश्चात्य पद्धतीने समान अंतरावर बांधलेल्या त्या स्वरांतून आपल्या रागसंगीतातील सूक्ष्म श्रुती दाखविता येत नाहीत, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड तर निघतच नाही, हा आक्षेप जाणकारांचा होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने १९३८ मध्ये रेडिओच्या नियतकालिकात या वाद्याविरुद्ध लेख लिहिला, आणि जानेवारी १९४० मध्ये खुद्द रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र पाठवून त्या मताला आपले वजन दिले. म्हणजे बंदी घालणारे अडाणी नव्हते. तरीही ज्याने आयुष्य पेटीवर घालविले त्याच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. काल जे वाजत होते ते आज वाजू नये, असे त्या पेटीत काय बिघडले?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार बेळगावला इतरांहून थोडा अधिक आहे. कागवाड येथे १९१७ साली जन्मलेले आणि पुढे बेळगावच्या संगीतजीवनाचा कणा बनलेले पंडित रामभाऊ विजापुरे त्या वेळी ऐन उमेदीत, तेवीस वर्षांचे होते. जानेवारी १९५० मध्ये धारवाडला रेडिओ केंद्र सुरू झाले आणि या भागातील कलावंतांच्या दाराशी ध्वनिक्षेपक येऊन उभा राहिला. पण तोवर पेटीवरील बंदीला दहा वर्षे होत आली होती आणि ती उठण्याचे चिन्ह नव्हते. निपाणीपासून फार दूर नसलेल्या, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचे गोविंदराव टेंबे यांनी पेटीला साथीच्या वाद्यापासून स्वतंत्र वादनाच्या पंक्तीला नेऊन बसविले होते. ते १९५५ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत हा दरवाजा उघडला नाही.

तरीही पेटी मेली नाही, आणि पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे. रेडिओने नाकारलेली पेटी भजनात वाजत राहिली, नाटकाच्या तालमीत वाजत राहिली, चर्चमधील गायनवृंदापुढे वाजत राहिली, गुरूच्या घरी शिष्याचे बोट धरून चालत राहिली. तिला आवाज काढण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. लागत होती ती फक्त हवा. सूर उतरला तर दुरुस्ती करणारा कारागीर पितळी पट्टीच्या टोकाकडून किंचित घासतो, सूर चढतो. मुळाकडून घासतो, सूर उतरतो. ही विद्या कोणत्याही कारखान्याच्या तिजोरीत कुलूपबंद नाही. पॅरिसमध्ये आलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास ज्या वाद्याचा हक्क नोंदविला, ज्याला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता ओढण्याचे देशी रूप दिले, ते वाद्य निर्मात्याच्या पश्चात दीड शतक कोणाच्याही मेहेरबानीवाचून जिवंत राहिले आहे.

आज ध्वनीची जी नवी यंत्रे घरोघर आणि दुकानोदुकानी आली आहेत, त्यांच्या नशिबी हे भाग्य नाही. ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी संगणकाला जोडण्याचे ध्वनिमुद्रणाचे खोके विकत घेतले आणि नंतर एके दिवशी संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, अद्ययावत करून घेतली, त्यांना हा अनुभव परिचयाचा असेल. रात्री संगणक बंद करताना यंत्र बोलत होते. सकाळी नवी प्रणाली उघडली आणि यंत्र मुके झाले. खोक्यावरचा दिवा जळतो आहे, तार घट्ट बसली आहे, ध्वनिग्राहक धडधाकट आहे. परंतु संगणकाच्या लेखी त्या खोक्याचे अस्तित्वच नाही. दुरुस्तीला न्यावे, तर दुकानदार सांगतो की यंत्रात काहीच बिघाड नाही. हरवला आहे तो त्याचा ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हटले की या भागात डोळ्यांपुढे तवंदी घाट उतरणारा एस. टी. चा चालक उभा राहतो. संगणकातला ड्रायव्हर त्या अर्थाने काहीच चालवीत नाही. तो दुभाषी आहे. गाणाऱ्याच्या आवाजाने ध्वनिग्राहकात जो विजेचा तरंग उठतो, त्याचे मोजमाप खोक्यातील मंडल दर सेकंदाला हजारो वेळा घेते. संगीताच्या तबकडीसाठी १९८२ पासून जो दर रूढ झाला तो ४४,१०० वेळांचा. या आकड्यांचा ओघ संगणकाकडे जातो. पण तो कोणत्या क्रमाने येणार, कोणत्या खुणेने थांबणार, आवाज वाढवायचा तर खोक्याच्या कोणत्या कप्प्यात कोणता अंक लिहायचा, हे प्रत्येक निर्मात्याचे आपापले असते. कार्यप्रणालीला ही भाषा येत नाही आणि खोक्याला कार्यप्रणालीची येत नाही. दोघांच्या मध्ये उभा राहून इकडचे तिकडे सांगणारी जी छोटी आज्ञावली, ती ड्रायव्हर.

दुभाष्याचे महत्त्व सीमाभागाला शिकवावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. शेत तेच, बांध तेच. पण कचेरीची भाषा पालटत गेली. त्याही आधीचे कागद मोडी लिपीतले. शाळांतून मोडी गेली, मोडी वाचणारी माणसे एकेक करून गेली, आणि आजोबांच्या हातचे खरेदीखत पेटाऱ्यात जसेच्या तसे असूनही नातवाला ते निरुपयोगी झाले. कागदाला वाळवी लागलेली नसते, शाई उडालेली नसते. वाचणारा मधला माणूस तेवढा नसतो. संगणकाच्या ध्वनियंत्रांचे जे झाले ते याच जातीचे आहे. फरक इतकाच की मोडी विस्मरणात जायला दोन पिढ्या लागल्या, आणि ड्रायव्हरला दोन-चार वर्षे पुरतात.

या दुभाष्याचा इतिहास फार जुना नाही. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला घरगुती संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याला आवाज म्हणून होता तो एक टीचभर भोंगा, फार तर टिकटिक करणारा. १९८७ मध्ये कॅनडातील क्वेबेकच्या ॲडलिब कंपनीने यामाहाची स्वरनिर्मिती करणारी चकती बसवून एक पत्र्यावरचे मंडल, म्हणजे कार्ड, तयार केले. या कंपनीचा संस्थापक मार्तँ प्रेव्हेल हा संगीताचा प्राध्यापक होता, हे येथे सांगितले पाहिजे. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर आले. सिम वाँग हू या तरुणाने १९८१ मध्ये लहानशा दुकानात सुरू केलेल्या या कंपनीने पुढे दहा वर्षे संगणकाच्या आवाजावर राज्य केले.

त्या काळी मध्यवर्ती दुभाषी नव्हता. डॉस या प्रणालीत ज्याने खेळ लिहिला त्यानेच प्रत्येक कार्डाची भाषाही शिकायची अशी रीत होती. वापरणाऱ्याला कार्डाचा पत्ता २२० आहे की २४०, व्यत्ययाची तार पाचवी की सातवी, हे स्वतः सांगावे लागे. चुकले तर आवाजाऐवजी संगणकच गोठे. हाल होते, पण त्यात एक सोय दडलेली होती. कार्डाची भाषा लिहिण्यासाठी तिचे व्याकरण सगळ्यांना ठाऊक असणे भाग होते. म्हणून साउंड ब्लास्टरची बोली इतकी सार्वत्रिक झाली की इतर कंपन्या आपले कार्ड तिच्याशी जुळते असल्याची जाहिरात करू लागल्या.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने १९९१–९२ मध्ये ही रीत मोडली आणि राजदरबारची पद्धत आणली. आज्ञावलीने फक्त विंडोजशी बोलावे, विंडोज ड्रायव्हरशी बोलेल आणि ड्रायव्हर यंत्राशी. ऑगस्ट १९९५ च्या विंडोज ९५ ने यंत्र जोडताच ओळखण्याची युक्ती त्यात भर घातली. वापरणाऱ्याचे हाल संपले; मात्र त्याच क्षणी सारी सूत्रे दुभाष्याच्या हाती गेली. आता यंत्राचे व्याकरण जगाला सांगण्याची निर्मात्याला गरज उरली नाही. त्याने ड्रायव्हर लिहावा, मूळ मसुदा आपल्यापाशी ठेवावा आणि न उलगडणारे गाठोडे तबकडीवर घालून ग्राहकाला द्यावे. पहिल्या दिवशी कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती दरबाराची रीत बदलू लागली तेव्हा. विंडोज ९५ साठी लिहिलेले जुन्या घडणीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये चालेनात, कारण एक्सपीचा पाया वेगळ्या घराण्याचा होता. पण त्या वेळी कंपन्या तरुण होत्या, बाजार वाढत होता, नवे ड्रायव्हर बहुधा मिळाले. खरी वादळी वेळ आली ती ३० जानेवारी २००७ रोजी, विंडोज व्हिस्टा सामान्य ग्राहकांच्या हाती पडली तेव्हा.

व्हिस्टात ध्वनीची सारी मांडणी पालटली होती, आणि ती अकारण पालटलेली नव्हती. तोवर ध्वनीचा बराच कारभार प्रणालीच्या गाभ्यात, अगदी माजघरात चाले. तेथे एखादा ड्रायव्हर चुकला की त्याच्याबरोबर सारा संगणक कोसळे. मायक्रोसॉफ्टने हा कारभार माजघरातून उचलून ओसरीवर आणला. संगणक अधिक स्थिर झाला. पण साउंड ब्लास्टरसारख्या कार्डांचा मोठेपणा ज्यात होता, ती कार्डातल्या कार्डात आवाजाला घुमारा आणि दिशा देण्याची जुनी वाट या उलथापालथीत बंद झाली. शिवाय ६४ बिटी व्हिस्टात माजघरात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर मान्यताप्राप्त डिजिटल सही असलीच पाहिजे, असा नियम आला. आणि ३२ बिटी ड्रायव्हर तर तेथे चालणे शक्यच नव्हते. कचेरीत ज्यांनी कधी अर्ज केला आहे त्यांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको. मजकूर बरोबर आहे, मात्र सही-शिक्का नाही.

पुढे जे घडले ते या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण होय. क्रिएटिव्हचे व्हिस्टासाठीचे ड्रायव्हर आले ते अपुरे होते. जुन्या कार्डांचे कित्येक गुण त्यांतून गायब होते. ज्यांनी महागडी कार्डे घेतली होती ते लोक चिडले. अशा वेळी ब्राझीलमधील एका हौशी जाणकाराने कंपनीचेच ड्रायव्हर उघडून, त्यांत फेरफार करून, हरवलेले गुण पुन्हा जागे केले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. हजारो मुकी कार्डे बोलू लागली. म्हणजे जे होऊ शकत नाही असे ग्राहकांना वाटत होते, ते एक माणूस आपल्या घरी बसून करू शकत होता.

मार्च २००८ मध्ये कंपनीने त्याला जाहीर पत्राने थांबण्यास सांगितले. त्या पत्रातील युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. आमची बौद्धिक मालमत्ता तुम्ही मूळ योजनेत नसलेल्या कार्डांवर चालविता आणि त्यासाठी लोकांकडून देणग्या मागता, हा एक भाग. तो कायद्याच्या दृष्टीने समजण्याजोगा. दुसरा भाग मात्र असा की, कोणत्या कार्डाला कोणता गुण द्यायचा आणि कोणाला द्यायचा नाही हा व्यापारी निर्णय आहे आणि तो घेण्याचा हक्क केवळ कंपनीचा आहे. ग्राहक समजत होते की नव्या प्रणालीत जुने कार्ड चालविणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. कंपनीच्याच पत्राने त्यांना कळले की प्रश्न केवळ तंत्राचा नव्हता. संतापाची अशी लाट उसळली की थोड्याच दिवसांत कंपनीने आपला पवित्रा सौम्य केला आणि त्या माणसाचे काम पुन्हा लोकांना मिळू लागले.

कंपनीची बाजूही येथे मांडली पाहिजे, नाही तर न्याय होणार नाही. ड्रायव्हर ग्राहकाला फुकट मिळतो, पण तो लिहिणाऱ्याला पगार द्यावा लागतो. विकून पैसे वसूल झालेल्या, सहा वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी दर नव्या प्रणालीगणिक पुन्हा खर्च करावा, त्याची सही मिळवावी, चाचण्या घ्याव्यात, आणि हे करताना तोच ग्राहक आपले नवे यंत्र घेण्याचे लांबणीवर टाकील हे ठाऊक असावे. अशा स्थितीत कोणता व्यापारी उत्साहाने पुढे येईल? एखादी कंपनी दुसरीने विकत घेतली, एखादी बुडाली, तर खर्च करणारे कोणी उरतच नाही. दोष एकट्या नफेखोरीचा नाही. यंत्राचे आयुष्य निर्मात्याच्या हिशेबवहीला बांधले गेले, हे त्याचे मूळ आहे.

साउंड ब्लास्टर हे बहुतांशी करमणुकीचे साधन होते. त्याहून मोठी झळ लागली ती ज्यांची त्यावर उपजीविका होती त्यांना. २००० नंतरच्या दशकात लहान ध्वनिमुद्रणगृहांना सोयीची ठरली ती फायरवायर या वेगवान तारेची खोकी. एकाच वेळी आठ-दहा ध्वनिग्राहक जोडता येत. तबला, पेटी, गायक, टाळ यांचे सूर वेगवेगळे मुद्रित करता येत. मुंबई-पुण्याला न जाता निपाणीसारख्या गावात भजनाची ध्वनिफीत तयार होऊ शकावी, हे या खोक्यांमुळे शक्य झाले. पण संगणकांच्या बाजूला ते फायरवायरचे छिद्रच हळूहळू दिसेनासे झाले, एकामागून एक कंपन्यांनी ड्रायव्हर लिहिणे सोडले, आणि ज्या ॲपल कंपनीने या तारेचा पुरस्कार केला होता तिनेच २०२५ मधील आपल्या नव्या प्रणालीतून तिचा आधार काढून घेतला. त्यापूर्वी ऑक्टोबर २०१९ मध्ये तिने ३२ बिटी आज्ञावल्या एका फटक्यात बंद केल्या होत्याच. खोकी मात्र अद्याप जशीच्या तशी आहेत. त्यांतील ध्वनिवर्धक मंडले कालच्याइतकीच निर्मळ वाजतील, त्यांच्याशी बोलणारा कोणी भेटला तर.

मग यातून कोणीच वाचले नाही काय? वाचले, आणि कोण वाचले हे पाहिले की रोगाचे निदान आपोआप होते.

१९८३ मध्ये अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने विजेच्या वाद्यांसाठी मिडी नावाची एक सामायिक भाषा ठरली. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली, एवढेच सांगणारी ही साधी भाषा. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ती मान्य केली आणि तिचे व्याकरण उघड ठेवले. परिणाम असा की त्या वर्षी बनलेले वाद्य आजच्या संगणकाला पाच टाचण्यांच्या त्याच गोल जोडणीतून, मध्ये एक स्वस्त तार घालून, जोडता येते आणि ते बोलते. चाळीस वर्षांत संगणकाच्या किती प्रणाली आल्या आणि गेल्या. फिलिप्सच्या १९६३ च्या कॅसेटची गोष्टही हीच. आपले माप आणि वेग पाळण्याच्या अटीवर कंपनीने ती इतरांना मोफत बनवू दिली, म्हणून टोकियोच्या कारखान्यातली कॅसेट बेळगावच्या कोणत्याही टेपरेकॉर्डरवर वाजली.

संगणकाच्या ध्वनीलाही असे उघडे व्याकरण १९९८ मध्ये मिळाले होते. यूएसबी तारेवरून आवाज कसा यावा-जावा याचे नियम त्या वर्षी जाहीर झाले. जे खोके हे नियम पाळते त्याला स्वतःचा दुभाषी लागत नाही. प्रणालीला ती भाषा उपजतच येते. त्या काळची साधी दोन वाहिन्यांची खोकी आजही बहुतेक संगणकांवर बिनबोभाट चालतात, याचे कारण हेच. परंतु पहिल्या नियमांची वाट अरुंद होती. अनेक वाहिन्या, अधिक सूक्ष्म मोजमाप तीतून जाईना. म्हणून २००६ मध्ये रुंद वाटेचे दुसरे नियम निघाले. ॲपलने ते २०१० मध्ये आपल्या प्रणालीत घेतले. विंडोजने मात्र ते घेतले २०१७ मध्ये, म्हणजे नियम निघाल्यानंतर अकरा वर्षांनी.

या अकरा वर्षांकडे सहसा कोणी बोट दाखवीत नाही. दाखवावे असे ते आहे. जगातील बहुसंख्य संगणक विंडोजवर चालत असल्यामुळे या मधल्या काळात प्रत्येक निर्मात्याला आपापला खाजगी दुभाषी नेमावाच लागला. ज्यांची खोकी आतून उघड्या नियमांनुसार बांधलेली होती ती २०१७ नंतर सुटली. ज्यांनी एकदा खाजगी दुभाष्याची सोय झाली म्हणून आतील भाषाही आपलीच ठेवली, त्यांची खोकी त्या दुभाष्याबरोबर गेली. ग्राहकाला दुकानात ही दोन प्रकारची खोकी एकसारखीच दिसत होती, वेष्टनावर कोठेही तसे लिहिलेले नव्हते, आणि किमतीवरूनही ओळख पटत नव्हती.

तिसरी वाट लिनक्सची. येथील ध्वनिविभागाचा प्रारंभ चेक प्रजासत्ताकातील यारोस्लाव किसेला याने १९९८ मध्ये एका विशिष्ट कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरपासून झाला आणि पुढे तो प्रणालीच्या गाभ्यात सामील झाला. तेथील रीत अशी की ड्रायव्हरचा मसुदा गाभ्याबरोबरच, सर्वांना वाचता येईल असा ठेवायचा. आणि गाभ्याची आतील रचना जो बदलेल त्यानेच तिच्यावर अवलंबून असलेले सारे ड्रायव्हरही दुरुस्त करून द्यायचे. घर बदलणाऱ्यानेच म्हाताऱ्यांची सोय लावायची, असा हा कुळधर्म आहे. म्हणून विंडोजने सोडलेली कित्येक जुनी कार्डे तेथे अजून सुखाने नांदतात. अर्थात लिनक्सवर सर्व काही चालते असेही नाही. ज्या कंपनीने आपल्या यंत्राचे व्याकरण कधी सांगितलेच नाही, तिचे खोके तेथेही मुकेच राहते किंवा कोणी उत्साही माणूस महिनोन्‌महिने कानोसा घेऊन ती भाषा ओळखून काढीपर्यंत वाट पाहते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि हा जुना प्रश्न पुन्हा दाराशी आला. विंडोज ११ साठी ठराविक वर्षांनंतरचा प्रक्रियक आणि सुरक्षेची विशिष्ट चकती लागते. त्यामुळे या वेळी नुसते खोके नव्हे, तर धडधाकट संगणकही अडले. ज्यांनी नवा संगणक घेतला त्यांच्या जुन्या ध्वनियंत्रांची पुन्हा एकदा परीक्षा झाली.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात या परीक्षेत पणाला लागलेली वस्तू केवळ काही हजार रुपयांचे खोके नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. संगीताला या मातीत किती खोल मूळ आहे हे त्या एका नावावरून कळावे. मोठ्यांचे गाणे कंपन्यांनी आणि आकाशवाणीने जपले. पण जे मोठे नव्हते त्यांचे काय? काकड आरतीचा गावचा आवाज, सीमाभागातील आयांच्या मराठी-कानडी सरमिसळीच्या ओव्या, नाटकाची तालीम, एखाद्या शिक्षकाने शिष्याला दिलेली तालीम. हे सारे १९७० आणि ८० च्या दशकांतील कॅसेटांवर घरोघर पडून आहे. कॅसेटवरील चुंबकीय लेप कायमचा टिकत नाही. तो आवाज संगणकात उतरवून घ्यायचा तर मधले खोके हवे. कॅसेट उघड्या भाषेतली असल्यामुळे ती अजून वाजते, आणि ती उतरवून घेणारे, तिच्याहून तीस-चाळीस वर्षांनी तरुण असलेले यंत्र तिच्या आधीच मुके होते, असा हा विचित्र प्रसंग आहे.

पेटीच्या बंदीचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. तिच्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. १९७० मध्ये आकाशवाणीने या विषयावर परिसंवाद भरविला. बाजूचे बोलले, विरुद्ध बोलले. आणि १९७१ मध्ये बंदी सैल होऊन पेटी साथीपुरती परत आली. एकतीस वर्षे लागली हे खरे, पण त्या हुकुमाला तारीख होती, काढणारे खाते होते, कारणे लिहिलेली होती आणि म्हणून त्याच्याशी भांडता येत होते. रामभाऊ विजापुरे २०१० मध्ये गेले. त्यापूर्वी त्यांनी आपल्या वाद्याची ती पुनःप्रतिष्ठा पाहिली. ड्रायव्हरच्या बाबतीत हुकूमच निघत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीतून एक नाव एके दिवशी वगळले जाते, एवढेच. अर्ज कोणाकडे करावा, परिसंवाद कोणी भरवावा?

तोवर लोकांनी आपला उपाय शोधला आहे. लहान ध्वनिमुद्रणगृहांतून, कोपऱ्यात कापड झाकून ठेवलेला, एक जुना संगणक असतो. त्याला इंटरनेटची तार जोडत नाहीत, तो अद्ययावत करीत नाहीत, त्यावर पत्रव्यवहार करीत नाहीत. त्यात विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असते, जुने खोके असते आणि त्या खोक्याची भाषा जाणणारा शेवटचा दुभाषी असतो. कोणी आईच्या आवाजाची कॅसेट घेऊन आले की कापड काढायचे, कळ दाबायची, यंत्र सावकाश जागे होईपर्यंत थांबायचे. त्याची चकती कधी ना कधी बिघडणार म्हणून तिची नक्कल दुसऱ्या चकतीवर करून कपाटात ठेवलेली असते, आणि ड्रायव्हरची मूळ तबकडी त्याच कपाटात, जुन्या खरेदीखतांच्या शेजारी.